मूल सांभाळायला घरचंच माणूस येणार असेल तर पैशाचं आधी बोला

दोघंही नोकरी करणारे असाल आणि बाळाला सांभाळायला मावशी, आत्या, नणंद, मोठी जाऊ नाहीतर गावाकडची आजी तयार झाली असेल तर केवढं ओझं उतरतं ते मी सांगायला नको. एवढंसं पोर परक्या बाईच्या हातात द्यायचं नाही, पाळणाघराच्या दारात रडताना सोडून लोकल किंवा बस पकडायची नाही. आणि त्या सुटकेच्या आनंदात जी एक गोष्ट हमखास बोलायची राहते ती म्हणजे पैसे. आपण म्हणतो घरच्या माणसाला कसले पैसे विचारायचे, तीही म्हणते अगं आपलंच तर लेकरू आहे, आणि मग सहा-आठ महिन्यांनी कुठल्यातरी लग्नात तिसऱ्याच माणसाकडून कळतं की "ती दिवसभर राबते आणि हे दिवाळीला एक साडी देतात".

आमच्याकडे माझी सख्खी मावशी येते मुलाला सांभाळायला. ऑफिसमध्ये, सोसायटीत अशी बरीच घरं जवळून बघितली, कुठे छान चाललंय आणि कुठे बोलणं बंद झालंय, आणि बघून बघून माझं मत पक्कं झालंय की नातं पैसे दिल्याने बिघडत नाही, न बोलता गृहीत धरल्याने बिघडतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय, बहुतेक गोष्टी पुण्या-मुंबईकडच्या नोकरदार घरांना लागू पडतील अशा आहेत.

बोलायचं कधी आणि कोणाशी

बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे असते, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे आधी घेता येतात, म्हणजे तुम्ही परत कामावर जाता तेव्हा बाळ साधारण चार ते सहा महिन्यांचं असतं. हे बोलणं रजेच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने करू नका, निदान दोन महिने आधी करा, कारण समोरच्या बाईलाही तिच्या घरी विचारायचं असतं, तिची शिवणाची गिऱ्हाइकं असतील, डबे असतील, ते तिला कमी करायचे असतात. आणि रजा संपायच्या आधीचे दोन आठवडे ती आणि तुम्ही दोघीही घरात असायला हव्यात म्हणजे बाळाला तिची सवय होते. त्या दोन आठवड्यांचेही पैसे धरायचे, ती ट्रेनिंगला नाही आलेली, ती कामालाच आलेली असते.

बोलायचं थेट तिच्याशी. काकांशी नाही, तिच्या मुलाशी नाही. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आपल्याकडे सवय अशी आहे की "काकांना विचारलंय, ते हो म्हणाले", आणि काकू आत चहा करत असतात. दिवसभर मूल ती उचलणार आहे, कंबर तिची दुखणार आहे, हो किंवा नाही तिने म्हणायचं. आणि नाही म्हणायची मोकळीक खरोखरची द्या, म्हणजे विचारतानाच सांगा की नसेल जमणार तर आम्ही पाळणाघर बघून ठेवलंय, राग येणार नाही. पाळणाघर खरंच बघून ठेवा, नुसतं म्हणायला नको.

सुरुवात कशी करायची हा सगळ्यांना पडणारा प्रश्न. मी असं म्हटलं होतं, "मावशी, तू आलीस तर मला ऑफिसात शांतपणे काम करता येईल. पण तू तुझे दिवस देणार, तर आम्ही दर महिन्याला ठरलेले पैसे तुझ्या खात्यात टाकणार, हे आधी ठरवू आणि मगच बाकीचं बोलू." ती म्हणालीच की वेडी आहेस का. मग मी म्हटलं की पाळणाघरवाल्या काकूंना मी दर महिन्याला न चुकता देईन आणि तुला नाही, हे बरं दिसतं का? यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. एक करा, "तुला किती हवेत" असं विचारू नका, नात्यात त्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येत नाही, लाजेने ती फारच कमी सांगेल. आकडा तुम्ही काढून न्या आणि "यात काही कमी वाटतंय का" असं विचारा.

आकडा कसा काढायचा

तीन गोष्टी कागदावर मांडा. एक, ती आत्ता काय कमवते आणि ते किती बुडणार. दोन, तुमच्या भागातली दोन-तीन पाळणाघरं पूर्ण दिवसाचे किती घेतात, आणि घरी येऊन फक्त मूल सांभाळणारी बाई किती घेते. तीन, तिला होणारा वरखर्च, म्हणजे रिक्षा, बस, मोबाईलचा रिचार्ज, आणि मूल तिच्या घरी जाणार असेल तर दूध, गॅस, वीज.

समजा मावशी ब्लाउज शिवून महिन्याला ६,००० कमवते आणि बाळ आल्यावर त्यातलं २,००० चंच काम होईल, म्हणजे ४,००० बुडाले. येण्याजाण्याचे १,५०० धरा. जवळचं पाळणाघर ९,००० घेतं आणि घरी येणारी बाई १४,००० मागते असं धरा. (हे आकडे फक्त हिशेब दाखवायला घेतलेत, तुमच्या गावातले दर वेगळे असतील, चौकशी करा.) काही जण इथे म्हणतात की तिचे बुडणारे ४,००० आणि प्रवास दिला की झालं. माझं ठाम म्हणणं आहे की पाळणाघराच्या फीपेक्षा कमी कधीच देऊ नका. पाळणाघरात एक बाई पाच-सहा मुलं बघते, इथे ती एकटी तुमच्या एकट्या मुलाला बघतेय, त्याच्या अंगात ताप असला तरी बघतेय, पाळणाघरवाले तापाचं मूल घेत नाहीत. म्हणजे वरच्या उदाहरणात मी १०,००० अधिक प्रवासाचे १,५०० असे ११,५०० धरेन.

मग एकदा तासांचा भागाकार करून बघा. साडेआठला ती येणार आणि तुम्ही सातला परत येणार, म्हणजे रोजचे साडेदहा तास, महिन्याचे २२ दिवस धरले तर २३१ तास. १०,००० भागिले २३१, तासाला साधारण ४३ रुपये. हा आकडा समोर आला की "आपण जास्तच देतोय" ही भावना आपोआप जाते.

परवडतच नसेल तर? बऱ्याच घरांत घराचा हप्ता जाऊन हातात फार उरत नाही हे खरं आहे. मग पैसे कमी असतील तर तास कमी मागा. नवऱ्याची सकाळची शिफ्ट असेल तर तो तीनला घरी येतो, मग मावशीला तीनपर्यंतच थांबू द्या. निम्म्या पैशात पूर्ण दिवस आणि वर "तुझं ऋण कसं फेडू" असले शब्द, हे करू नका.

आणि ही रक्कम दोघांच्या पगारातून जायला हवी. "सुनेची नोकरी आहे म्हणून बाई ठेवावी लागते, मग सुनेच्या पगारातून द्या" हा हिशेब मी अजूनही ऐकते. मूल दोघांचं आहे, दोघं बाहेर जातायत म्हणून कोणीतरी घरात लागतंय.

आजी पैसे घेतच नाही तेव्हा

मावशी-आत्याचं एकवेळ सोपं असतं, आई किंवा सासूबाई असतील तर जास्त अवघड. नातवाला सांभाळायचे पैसे घ्यायचे ही कल्पनाच त्यांना अपमान वाटू शकते आणि ती भावना खोटी नसते, तिला हसू नका. पण म्हणून विषय सोडूनही देऊ नका. साठीच्या पुढची बाई दिवसभर रांगत्या मुलामागे फिरते तेव्हा तिचा भजनी मंडळाचा दिवस जातो, दुपारची झोप जाते, गुडघे बोलायला लागतात.

अशा वेळी पैसे तिच्या नावाने साठवता येतात. पोस्टातलं आवर्ती ठेव खातं महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होतं आणि पाच वर्षांचं असतं, तिच्या एकटीच्या नावाने उघडा, पासबुक तिच्या कपाटात ठेवा. हातात मोठी रक्कम असेल आणि ती साठ वर्षांवरची असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, त्यात ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. फक्त एक लक्षात घ्या, "तिच्यासाठी" म्हणून तुम्ही ठरवून नवा फ्रिज आणला, तिच्या खोलीत एसी बसवला, हे त्यात मोजू नका. तो फ्रिज सगळं घर वापरतं. पैसे तिचे म्हणजे ती तिच्या भाचीच्या लग्नात आहेर करेल, वारीला जाईल, नाहीतर तसेच ठेवेल, तुम्ही विचारायचं नाही.

नॉमिनी कोण हे तिलाच ठरवू द्या आणि खातं मुलाबरोबर जॉइंट करायचा आग्रह धरू नका. अकाउंट जॉइंट, एटीएम कार्ड मुलाच्या पाकिटात आणि मेसेज सुनेच्या मोबाईलवर, असं असेल तर ते पैसे तिला मिळालेच नाहीत असं धरा.

काम कोणतं आणि कोणतं नाही

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात म्हणून जरा थांबून लिहिते. मूल सांभाळणं म्हणजे त्याला भरवणं, आंघोळ, शी-शू, झोपवणं, खेळवणं, त्याचे कपडे, त्याची भांडी, त्याचं खिमट किंवा नाचणीचं सत्व शिजवणं. तुमचा संध्याकाळचा स्वयंपाक, कपड्यांची घडी, दुपारी येणारं पार्सल, मोठ्या मुलाचा अभ्यास, दळण हे यात येत नाही. ती घरात आहेच म्हणून एकेक काम सरकत जातं, सुरुवातीला ती स्वतःहून भाजी चिरून ठेवते, आपल्याला बरं वाटतं, तीन महिन्यांनी एखाद्या दिवशी भाजी चिरलेली नसली की आपलाच चेहरा पडतो. स्वयंपाकाला जमत असेल तर वेगळी बाई लावा आणि मावशीलाही तिच्या हातचं गरम जेवण मिळू द्या. नाहीच जमत आणि मावशीनेच स्वयंपाक करायचं ठरलं तर त्याचे वेगळे पैसे ठरवा, दोन्हीची सरमिसळ नको.

दुपारी मूल झोपतं तेव्हा तिने झोपायचं, मालिका बघायची, फोनवर बोलायचं. तो तिचा वेळ. कॅमेरा लावायचा असेल तर तिला विचारून आणि दाखवून लावा, कुठे लावलाय तेही सांगा. नातेवाईक असली तरी घरात न सांगता कॅमेरा लावणं वाईटच, आणि तिला उद्या कळलं तर ते कधीच भरून येणार नाही.

उशिराचंही आधीच ठरवा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये किंवा लोकल बंद पडल्यावर कोणाचाच इलाज चालत नाही, पण रोज साडेसातचे साडेआठ होत असतील तर ते ट्रॅफिक नाही, तो तुमचा खरा टाइम आहे आणि त्याप्रमाणे पैसे वाढले पाहिजेत. मी फोन करून सांगते आणि महिन्यात जास्तीचे तास झाले की ते धरून टाकते, तिने विचारायची वेळ येऊ देत नाही.

गावाहून आजी किंवा आत्या येऊन तुमच्याकडेच राहणार असेल तर वेगळी काळजी. तिच्यासाठी ड्यूटी संपतच नाही, रात्री मूल रडलं की ती आधी उठते. म्हणून संध्याकाळी तुम्ही आलात की मूल तुमच्या हातात आणि ती मोकळी हा नियम करा, रात्रीचं उठणं तुमचं, आणि आठवड्याचा एक पूर्ण दिवस तिचा. तिला स्वतःचा पलंग आणि कपाटाचा एक कप्पा हवा. गावाकडे तिचं अंगण होतं, शेजारणी होत्या, इथे अकराव्या मजल्यावर दिवसभर तिच्याशी बोलायला फक्त ते सहा महिन्यांचं बाळ आहे, तेव्हा सोसायटीतल्या तिच्या वयाच्या दोन-तीन जणींशी ओळख करून देणं हे मला पगाराइतकंच महत्त्वाचं वाटतं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना तर एसटी फुकटच आहे, गावी जाऊन येणं फार महाग पडत नाही, तिला दर दीड-दोन महिन्यांनी पाठवाच आणि तिकीट तुम्ही काढा.

सुट्ट्या

पगारी सुट्ट्या ठरवा, आणि त्या तिच्या कॅलेंडरने, तुमच्या कंपनीच्या कॅलेंडरने नाही. गौरी-गणपती तिच्या घरी असतील तर ते तीन-चार दिवस ती येणार नाही. गावची जत्रा, मे महिन्यात तिची स्वतःची नातवंडं येतात तो आठवडा, लग्नसराई, तिचं आजारपण. वर्षाला बारा-पंधरा पगारी रजा आणि सणांचे दिवस वेगळे एवढं तरी हवंच. तुम्ही फिरायला गेलात आणि ती घरी बसली तर त्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत, सुट्टी तुम्ही घेतलीत.

ती नसेल त्या दिवशी कोण, हे दोघांनी आधी वाटून घ्या. एक दिवस आईची रजा, एक दिवस बाबांची, तिसऱ्या दिवशी वर्क फ्रॉम होम. तुमच्या ऑफिसात ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय करणं कंपनीला २०१७ च्या कायदादुरुस्तीपासून बंधनकारक आहे, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभाही आहे. एचआरला विचारा, अडीअडचणीच्या दिवसाला तरी ते कामी येईल. विचारताना हेही विचारून घ्या की कंपनी पाळणाघराची फी देत असेल तर घरच्या माणसाला दिलेले पैसे त्यात बसतात का, आधी खात्री करा आणि मगच त्या पैशावर हिशेब मांडा.

दिवाळीला एक महिन्याचे पैसे जादा, आणि साडी हवी तर त्याच्या वर. दर वर्षी वाढ, तीही न मागता. दुसरं बाळ झालं तर रक्कम पुन्हा पहिल्यापासून ठरवायची, "एकाला बघतेसच, दुसरंही मोठं होईल" हे चालणार नाही.

पैसे द्यायचे कसे, आणि टॅक्सचं काय

महिन्याच्या एक तारखेला, यूपीआयने किंवा बँकेतून, तिच्या स्वतःच्या खात्यात. तारीख चुकवायची नाही. ज्या दिवशी तिला "अगं या महिन्याचे..." असं म्हणावं लागेल त्या दिवशी ती मावशी न राहता मागणारी होते, आणि तो संकोच तिच्यावर आणायचा आपल्याला काही अधिकार नाही. उसने पैसे दिले-घेतले असतील तर ते वेगळ्या वहीत, पगारातून परस्पर कापू नका.

टॅक्सबद्दल लोक उगाच घाबरतात, पण दोन-तीन गोष्टी नीट माहीत हव्यात. मूल सांभाळण्याच्या खर्चावर नोकरदार आईबापांना आयकरात वेगळी वजावट मिळत नाही, त्यामुळे तुमच्या बाजूने काही वाचत नाही. तिच्या बाजूने बघायचं तर कामाचा मोबदला हे तिचं उत्पन्न आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत करच नाही आणि १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, म्हणजे महिन्याला दहा-बारा हजार घेणाऱ्या मावशीला कर लागायचा प्रश्न सहसा येत नाही. तिला पेन्शन, भाडं, ठेवींचं व्याज असेल तर सगळी बेरीज करा, ४ लाखांच्या वर गेली तर कर शून्य आला तरी रिटर्न भरावं लागतं.

आता "आम्ही ते गिफ्ट म्हणून देतो" असं म्हणणाऱ्यांसाठी. जवळच्या नातेवाइकाकडून मिळालेली भेट कितीही असली तरी करमुक्त, पण जवळचा नातेवाईक म्हणजे कोण याची कायद्यात यादी आहे आणि ती घेणाऱ्याच्या बाजूने बघायची असते. आईला मुलगा-मुलगी, सासूला सून-जावई, बहिणीला भाऊ-बहीण, नणंदेला वहिनी, वहिनीला नणंद, जावेला जाऊ, हे सगळे त्यात बसतात. पण मावशी, आत्या, मामी, काकू यांनी भाचीला किंवा पुतणीला दिलं तर ते बसतं, उलट बसत नाही! भाचीने मावशीला वर्षभरात दिलेले पैसे ५०,००० च्या वर गेले तर ते मावशीचं करपात्र उत्पन्न धरलं जातं. चुलत, मावस, मामे भावंडं तर यादीत नाहीतच. त्यामुळे मावशी-आत्याच्या बाबतीत सरळ उत्पन्न म्हणूनच धरा, वर सांगितलं तसं कर बहुधा लागतच नाही, आणि मनात शंका राहत नाही.

दुसरं, तिला लाडकी बहीण किंवा संजय गांधी निराधारचे पैसे मिळत असतील तर त्या योजनांना उत्पन्नाची मर्यादा आहे. लाडकी बहीणसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, निराधारची मर्यादा त्याहून बरीच खाली आहे. तुमच्या पैशाने ती मर्यादा ओलांडली जाणार असेल तर तिला आधीच सांगा, सेतू केंद्रात नाहीतर तहसील ऑफिसात विचारून घ्या आणि तिला ठरवू द्या. सरकारी योजनेच्या पैशावर पाणी सोडून तुमच्याकडे यायचं आणि तुमचं मूल दोन वर्षांत शाळेत जायचं, यात तिचं नुकसान होऊ शकतं.

विम्याचं थोडक्यात. ७० च्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंतचे उपचार, आजीचं काढलं नसेल तर या रविवारीच काढा. ७० च्या आतल्यांना वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेतून घेता येतो, अपघातासाठी २ लाखांचा. आरोग्य विम्याचा हप्ता तुम्ही भरणार असाल तर जुन्या करपद्धतीत आईवडिलांच्या हप्त्यावर २५,००० आणि ते ज्येष्ठ नागरिक असतील तर ५०,००० पर्यंत वजावट आहे, पण ती ज्याच्या त्याच्या आईवडिलांसाठी, सासूबाईंचा हप्ता सुनेने भरला तर तिला वजावट नाही, मुलाने भरला तर त्याला आहे. मावशीसाठी नाहीच.

परदेशात राहणाऱ्यांनी इथेच एक वाचून ठेवा. अमेरिकेत व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा नातवंडांबरोबर राहू शकतात पण त्या व्हिसावर पैसे घेऊन काम करता येत नाही, आणि मूल सांभाळायचा पगार हे कामच धरलं जाऊ शकतं. तिथे हा लेख लागू नाही, त्यांचं तिकीट, विमा, औषधं आणि भरपूर विश्रांती एवढं बघा, आणि नेहमीची सोय म्हणून तिथली कायदेशीर काम करू शकणारी व्यक्ती किंवा डेकेअर शोधा.

बाळाचे नियम सांगायचे पण कसे

पैसे देतो म्हणून हुकूम सोडायचा नाही, आणि नातं आहे म्हणून जीवावरचं गप्प बसूनही सोडायचं नाही. मी दोन याद्या केल्या. पहिलीत न बदलणारे नियम, फक्त पाच-सहा: एक वर्षाच्या आत मध नाही, चाटणात नाही, गुटीतही नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्ष हातात नाही. झोपवताना पाठीवर. बाथरूममध्ये पाण्याने भरलेली बादली ठेवायची नाही. बाल्कनीचं दार बंद. दोन वर्षांच्या आत मोबाईल दाखवून भरवायचं नाही. बाकी सगळं दुसऱ्या यादीत, म्हणजे टाळू भरायची की नाही, दृष्ट काढायची का, कोणती अंगाई, किती स्वेटर, हे तिच्यावर सोडलं. तिने आपल्यालाच वाढवलंय, सगळ्यात नाक खुपसलं तर तिचा हुरूप जाईल.

पहिल्या यादीतल्या गोष्टी आपण सांगितल्या तर "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत का" असं होतं, म्हणून लसीच्या वेळी तिलाही डॉक्टरांकडे घेऊन जा आणि तिच्यासमोर डॉक्टरांना विचारा. दीड महिना, अडीच, साडेतीन, मग नवव्या महिन्याचा गोवर-रुबेला असे डोस असतातच. डॉक्टरांनी सांगितलेलं ती पक्कं लक्षात ठेवते आणि शेजारणीलाही सांगते.

काढलेलं आईचं दूध ठेवत असाल तर डब्यावर तारीख-वेळ लिहा, २५ अंशांपर्यंत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये सरळ फ्रिजच. फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरात कागद लावा: तुमचे दोघांचे नंबर, डॉक्टरांचा नंबर, जवळच्या शेजाऱ्यांचा, ॲम्ब्युलन्ससाठी १०८, बाळाचं वजन आणि तापाचं औषध किती एमएल. घरात हजार-दोन हजार रोख ठेवा, अचानक रिक्षा करून दवाखान्यात जायची वेळ आली तर तिने स्वतःचे शोधत बसू नये.

तक्रार कोणी सांगायची

तिच्या रक्ताच्या नात्यातल्याने. सासूबाईंना काही सांगायचं असेल तर नवऱ्याने, माझ्या मावशीला सांगायचं असेल तर मी. हे पाळलं तर अर्धे वाद होतच नाहीत. महिन्यातून एकदा, मूल झोपलेलं असताना, चहा घेऊन दहा मिनिटं बसायचं आणि आधी तिला विचारायचं की तुला काय जड जातंय. पाठ दुखते, जिना चढवत नाही, मूल जेवायला छळतं, हे ती त्याच वेळी सांगते, एरवी नाही सांगत.

बाकीच्या नातेवाइकांनाही एकदा मोकळेपणाने सांगून टाका. जाऊबाई म्हणणार की आमच्या मुलांच्या वेळी सासूबाई आल्या नाहीत आणि आता पगार घेऊन बघतायत, दीर म्हणणार की आईला कामाला लावलं. लपवून ठेवलं तर हे वाढतं. किती देता तो आकडा सांगायची गरज नाही, तो तिचा खासगी विषय आहे, पण देता हे सांगा. कुणी तिला "पगारी आजी" वगैरे टोमणा मारला तर तिथल्या तिथे थांबवा, तिच्यासमोर, तिला एकटीला ते झेलू देऊ नका.

थांबवायचं असेल तेव्हा

सुरुवातीलाच एक महिना दोन्ही बाजूंनी बघू असं ठरवा, म्हणजे तिला जमत नसेल तर मान खाली घालून निघून जावं लागत नाही. पुढे मूल तीन वर्षांचं होतं, बालवाडी किंवा नर्सरी सुरू होते, अर्ध्या दिवसाचीच गरज उरते. हे तिला दोन-तीन महिने आधी सांगा, कारण त्या पैशावर तिने काहीतरी बांधलेलं असतं, भिशी असेल, एखादा हप्ता असेल. एकदम निम्मे पैसे करू नका, दोन टप्प्यांत करा.

पूर्ण थांबताना एक रक्कम द्या. मी यासाठी ग्रॅच्युइटीचं माप घेतलंय, दर वर्षाच्या कामाला पंधरा दिवसांचा पगार. कायद्याने हे तुम्हाला लागू नाही, पण माप चांगलं आहे आणि ऑफिसात आपण स्वतःसाठी तेच मागतो. १०,००० पगार आणि तीन वर्षं झाली असतील तर साधारण १५,००० ते १७,००० येतात. ते एकदम जड जाऊ नयेत म्हणून पहिल्या महिन्यापासून ५०० रुपये वेगळे टाकत जा, तीन वर्षांत १८,००० जमतात. आणि तिने शिलाईचं काम परत सुरू करायचं म्हटलं तर सोसायटीच्या ग्रुपवर तिचा नंबर तिला विचारून टाका, पहिली गिऱ्हाइकं तिथूनच मिळतात.